भाकरीचें घर : लहान मुलांसह घरचा नाताळ



मोठ्या शहरांत नाताळ कसा होतो तें आपणां सर्वांस ठाऊक आहे. तेथें प्रार्थनामंदिरांच्या घंटा वाजतात, रस्त्यांवर रोषणाई होते, आणि मुलाचें बोट धरून नुसतें घराबाहेर पडलें तरी सण त्याच्या डोळ्यांपुढें आपोआप उभा राहतो. परंतु ज्या ठिकाणीं यांतलें कांहींच नाहीं तेथें हा सण कसा साजरा व्हावा, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे. आणि असें ठिकाण म्हणून मीं हिंगोली जिल्हा आपणांपुढें धरिला आहे.

हा जिल्हा १९९९ सालीं परभणीपासून वेगळा झाला. हिंगोली, वसमत, कळमनुरी, औंढा नागनाथ आणि सेनगांव हे त्याचे पांच तालुके. २०११ च्या शिरगणतींत येथील लोकसंख्या सुमारें ११ लक्ष ७७ हजार भरली. त्यांत ख्रिस्ती माणसें शेंकड्यास एकहि पडत नाहींत. म्हणजे एखाद्या खेड्यांत ख्रिस्ती कुटुंब असलेंच तर तें बहुधा एकटें असावयाचें, आणि त्या घरचें मूल शाळेंतल्या वर्गांत एकटेंच ख्रिस्ती असावयाचें. पोळा आला म्हणजे सारा गांव पोळ्याचा होतो. दिवाळी, ईद, भीमजयंती हे सण गल्लींतूनच चालत येतात व मुलाला हांक मारून बाहेर नेतात. नाताळ मात्र तसा येत नाहीं. त्या दिवशीं शाळेला सुटी असते, इतकेंच वर्गांतल्या इतर मुलांना ठाऊक. ही सुटी कशाची, असें सोबत्यानें विचारलें तर या मुलानें काय उत्तर द्यावें? त्याचें उत्तर घरांत तयार झालें नसेल तर तें दुसरीकडे कोठेंहि तयार होणार नाहीं. म्हणून म्हणतें, अशा ठिकाणीं नाताळ घरांत झाला तरच झाला, आणि घरांत तो झाला किंवा नाहीं हें ठरविणारें माणूस म्हणजे त्या घरची आई, बाप किंवा आजी.

यांत एक अडचण जुनी आहे. एकोणिसाव्या शतकांत हिंगोलीस हैदराबाद कंटिन्जंट नांवाच्या फौजेची छावणी होती. १९०३ सालीं ती फौज हिंदी सैन्यांत विलीन झाली. त्या काळापासून ‘बडा दिन’ म्हणजे साहेबाचा सण, अशी समजूत या मुलखांत रुजली असल्यास नवल नाहीं. साहेब गेला, फौजहि गेली, परंतु ती समजूत मागें राहिली आणि आतां तिनें केवळ वेष पालटला आहे. साहेबाच्या जागीं दुकानांतला पांढऱ्या दाढीचा म्हातारा आला, प्लास्टिकचें झाड आलें, आणि त्या झाडावर कापसाचें बर्फ आलें. ज्या जिल्ह्यांत आयाबहिणींचीं बोटें कापूस वेंचतांना सोलवटून निघतात, तेथें त्याच कापसाला बर्फ म्हणावयाचें! मूल हें सर्व पाहतें, क्षणभर रमतें, आणि मनांत कोठें तरी नोंद करून ठेवतें कीं, हा सण दूरचा आहे, विकत आणावा लागतो, आणि ज्याच्यापाशीं पैसे थोडे त्याचा सणहि थोडा.

वस्तुस्थिति अगदीं निराळी आहे. ही जन्मकथा मराठी भाषेंत आज चारशें वर्षांहून अधिक काळ नांदत आहे. थॉमस स्टीफन्स यांचें ‘क्रिस्तपुराण’ १६१६ सालीं गोमंतकांतील रायतूर येथें छापलें गेलें, तें आपल्या ओवींत. मुलांसाठीं निघालेलें ‘बालबोधमेवा’ हें मासिक १८७३ सालचें. फुलामुलांचे कवि म्हणून ज्यांना सारा महाराष्ट्र ओळखतो त्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं अभंग, भजन व कीर्तन या आपल्या घरच्या चालींतून ख्रिस्ताचें गुणगान केलें. आणि त्यांचें ‘ख्रिस्तायन’ अपुरें राहिलें तेव्हां लक्ष्मीबाईंनीं तें पुढें नेलें. दूर कशाला, आपल्या मराठवाड्यांतच जालन्याजवळ नारायण शेषाद्रि यांनीं एकोणिसाव्या शतकांत बेथेल नांवाचें ख्रिस्ती गांव वसविलें. ‘नाताळ’ हा शब्द तेवढा पोर्तुगीजांकडून आला. परंतु चावी, पगार हेहि शब्द तेथूनच आले, आणि त्यांना आज कोणी परके म्हणत नाहीं.

आतां त्या कथेकडेच पाहूं. ज्या गांवीं येशूचा जन्म झाला त्याचें नांव बेथलेहेम. हा शब्द इब्री भाषेंतला आहे आणि त्याचा अर्थ आहे ‘भाकरीचें घर’. आपल्या मुलांना प्रथम हें सांगावें. चुलीजवळ बसून भाकरी थापतांना सांगितलें तर फारच उत्तम. ज्वारीच्या देशांतल्या मुलाला ‘भाकरीचें घर’ समजावून सांगण्यासाठीं नकाशा लागत नाहीं.

पुढें कथा अशी आहे कीं, रोमच्या बादशहानें शिरगणतीचा हुकूम काढला; आपापल्या मूळ गांवीं जाऊन नांवें नोंदवावयाचीं होतीं. योसेफ व मरीया नासरेथहून बेथलेहेमास आलीं. उतारशाळेंत जागा मिळाली नाहीं. बाळ जन्मलें, त्याला बाळंत्यांत गुंडाळून गव्हाणींत निजविलें. श्रोतेहो, या शब्दांपैकीं एक तरी परका आहे काय? बाळंतें आपल्या दोरीवर वाळत असतें. गव्हाण आपल्या गोठ्यांत आहे. तिच्यांत कडबा आहे. थंडीच्या दिवसांत शेतांत मेंढरें बसविणारे धनगर आपल्या मुलांनीं पाहिलेले असतात. घोंगडी पांघरून रात्रभर कळपाभोंवतीं जागणारा माणूस त्यांच्या ओळखीचा आहे. लूकच्या शुभवर्तमानांत बाळाची वार्ता राजवाड्याच्या आधीं अशाच माणसांना मिळाली. मत्तयाच्या शुभवर्तमानांत पूर्वेकडून ज्ञानी लोक येतात आणि सोनें, ऊद व बोळ अर्पण करतात. शहरांतल्या मुलाला बोळ म्हणजे काय तें कोशांत पाहावें लागेल. आपल्याकडे आजीचा डबा उघडला कीं बाळंतिणीसाठीं ठेवलेला हिराबोळ हातीं लागतो, आणि न्हाऊं घातलेल्या बाळाला उदाची धुरी आपण देतोंच. ज्या घरीं नुकतेंच मूल जन्मलें आहे तेथें उपयोगी पडतील अशाच वस्तू त्या शहाण्या पाहुण्यांनीं आणल्या होत्या, असें एखादी आजी सांगूं लागली तर तिला कोणी अडवूं नये.

आतां प्रत्यक्ष काय करावें तें सांगतें. नाताळापूर्वीचे चार आठवडे हा आगमनाचा काळ मानला जातो. प्रत्येक रविवारीं दिवेलागणीला एक पणती अधिक लावावी : पहिल्या रविवारीं एक, दुसऱ्या रविवारीं दोन, याप्रमाणें. लहान मुलाला ‘अजून तीन आठवडे’ हें कळत नाहीं. ‘अजून तीन पणत्या’ हें कळतें. वाट पाहणें ही मोठी विद्या आहे, आणि ती मुलाला मोजतां येईल अशा रीतीनेंच शिकवावी लागते.

मग चांदणी. बांबूच्या कामट्या, दोरा, खळ आणि पतंगाचा कागद एवढ्यांत पांच कोनांची चांदणी होते. कामट्या मिळाल्या नाहींत तर तुराट्या चालतात; तूर आपल्याकडे घरोघर आहे. मोठ्यांनीं कामट्या तासाव्या, दोरा बांधावा. खळ लावण्याचें काम मुलाकडे द्यावें. कागद वांकडा चिकटेल, एखादा कोन लांब होईल. तो तसाच राहूं द्यावा. विकतची चांदणी सुबक असते, परंतु ‘ही मीं केली’ असें तिच्याकडे बोट दाखवून कोणतेंहि मूल म्हणूं शकत नाहीं.

चांदणीनंतर गोठा. खोक्याचा सांगाडा करून वर कडबा पसरावा, आंत माती लिंपावी. जनावरें कोठून आणावीं, हा प्रश्न आपल्या घरीं पडूं नये. पोळ्याला आणलेले मातीचे बैल कोनाड्यांत बसून आहेत. त्यांना नाताळाच्या गोठ्यांत आणून बांधावें. हें शास्त्राला सोडून होईल, अशी भीति कोणी बाळगूं नये. शुभवर्तमानांत गव्हाण आहे, पण बैल किंवा गाढव नाहीं. तीं जनावरें मागाहून लोकांच्या प्रेमानें आणून उभीं केलीं. १२२३ सालीं इटलींतील ग्रेच्चो गांवीं असीसीकर संत फ्रान्सिस यांनीं खरी गव्हाण मांडली, तींत खरें गवत घातलें, आणि जवळ खरा बैल व खरें गाढव उभें केलें; गांवच्या लोकांना तो जन्म डोळ्यांनीं पाहतां यावा हाच हेतु. त्यांनीं आपल्या गांवचा बैल बांधला. आपण आपल्या गांवचा बांधावा.

येथें एक सूचना आवर्जून करतें. कडब्याच्या गोठ्यांत मेणबत्ती किंवा पणती कदापि ठेवूं नये. दिवा गोठ्यापासून दूर, मुलाच्या हाताला न लागेल असा उंचावर असावा. सणाच्या गडबडींत मोठ्यांचें लक्ष चुकतें आणि मुलांचें कुतूहल चुकत नाहीं.

कथा केव्हां सांगावी? मध्यरात्रीची उपासना लहानांसाठीं नव्हे. पेंगुळलेल्या मुलाला जागें ठेवून भक्ति शिकवितां येत नाहीं. २४ तारखेस दिवे लागले, जेवणें आटोपलीं, कीं गोठ्यापुढें घोंगडी अंथरून बसावें आणि कथा तोंडानें सांगावी. वाचून नव्हे, आणि पुस्तकी भाषेंत तर मुळींच नव्हे. आपल्या घरांत जशी बोली चालते तशा बोलींत सांगावी. दोन वर्षांच्या मुलाला बैलांना हात लावूं द्यावा. चार वर्षांच्या मुलाला घोंगडीचा तुकडा देऊन मेंढपाळ करावें. सहासात वर्षांच्या मुलानें पुढल्या वर्षीं ही कथा धाकट्याला सांगावयाची आहे, हें त्याला आजच सांगून ठेवावें. शेवटीं पाळणा म्हणावा. रामजन्माला व कृष्णजन्माला पाळणा म्हणणारी आपली भाषा आहे. बाळ जन्मलें कीं पाळणा आला, हें मराठी मुलाला शिकवावें लागत नाहीं.

अशा वेळीं मुलें कधीं कधीं विलक्षण कांहीं करतात. मातीच्या बाळाला थंडी वाजेल म्हणून आपलें टोपडें काढून घालतात, त्याच्यापुढें भाकरीचा तुकडा ठेवतात. त्यांना हंसूं नये. याच जिल्ह्यांतील नरसी हें संत नामदेवांचें जन्मस्थान मानलें जातें. बाळ नामदेव नैवेद्याचें ताट घेऊन विठ्ठलापुढें बसले, आणि देव खरोखर जेवेपर्यंत जागचे हलेनात, ही आख्यायिका आपल्याकडे सर्वांच्या मुखीं आहे. मूल कोणत्याहि धर्माचें असो, त्याची भक्ति अशीच असते : देव हा घरीं आलेला पाहुणा, आणि पाहुण्याला जेवूं घालावयाचें असतें. आपण मोठीं माणसें हें विसरलेलों असतों. मुलांमुळें वर्षांतून एकदां तें आठवतें.

आतां त्या पांढऱ्या दाढीच्या म्हाताऱ्याविषयीं. त्याला घरांत घेऊंच नये असें मी म्हणत नाहीं. परंतु त्याची खरी ओळख करून द्यावी. चौथ्या शतकांत आजच्या तुर्कस्तानांतील मायरा या शहरीं निकोलस नांवाचे धर्माध्यक्ष होऊन गेले. एका गरीब बापाच्या तीन मुलींच्या लग्नासाठीं त्यांनीं रात्रीच्या अंधारांत, नांव न सांगतां, घरांत पैशांच्या थैल्या टाकल्या, अशी त्यांची आख्यायिका आहे. त्यांतलें मर्म नांव न सांगतां देणें हें आहे. दुकानदारानें त्यांतलें देणें उचललें आणि गुप्तपण टाकून दिलें. त्याचा परिणाम काय होतो? मूल एक दिवस विचारतें, ‘त्या श्रीमंताच्या घरीं सांताक्लॉज सायकल ठेवतो, आणि आपल्याकडे फक्त पेन्सिल कां?’ या प्रश्नाला खोटें उत्तर देऊं नये. हा खाऊ आम्हीं आणला, आमच्या ऐपतीप्रमाणें आणला, प्रेमानें आणला, असें सरळ सांगावें. आणि मग त्याला विचारावें, ‘नांव न सांगतां तूं कोणाला काय देशील?’ मुलाचा चेहरा त्या क्षणीं जसा खुलतो तसा कोणत्याहि भेटवस्तूनें खुलत नाहीं. कारण घेणाऱ्याच्या जागेवरून तें देणाऱ्याच्या जागेवर आलेलें असतें.

देण्याचा विषय निघाला म्हणून फराळाचें सांगतें. वसई-गोव्याकडे नाताळाला नेवऱ्या, कलकल, दोदोल असे पदार्थ होतात. आपल्याकडे करंज्या, शंकरपाळी, चकल्या होतात, त्याच कराव्या. पैसा कमी असेल तर तिळगुळाची एक वडी पुरे. हुरड्याचे दिवस लागले असतील तर मूठभर हुरडाहि पुरे. मुख्य गोष्ट पुढची आहे. ताटलींत फराळ घालून, वर स्वच्छ रुमाल झांकून, ती ताटली मुलाच्या हातीं द्यावी आणि त्याला शेजारीं पाठवावें. आईनें बरोबर जावें, पण दारांत मागें उभें राहावें. ‘आज आमचा नाताळ आहे, आईनें फराळ दिला आहे,’ हें वाक्य मुलानें स्वतः बोलावें. दिवाळींत ज्या घरून आपणांकडे ताट आलें, ईदेला ज्या घरून शीरखुर्मा आला, त्या प्रत्येक घरीं तें जावें. आणि ज्या घरून कधींच कांहीं आलें नाहीं तेथेंहि एक जावें.

मघाशीं मीं विचारलें होतें, सोबत्यानें सुटीचें कारण विचारल्यास एकट्या मुलानें काय सांगावें? हेंच तें उत्तर. गल्लींतल्या दहा घरीं ताटली पोंचविलेल्या मुलाला शाळेंत कांहीं समजावून सांगावें लागत नाहीं. त्याचा सण काय आहे तें सोबत्यांनीं खाल्लेलें असतें. पुढल्या वर्षीं तेच सोबती कामट्या घेऊन चांदणी करावयास येतात. त्यांना अवश्य येऊं द्यावें. मग तें मूल वर्गांत एकटें राहत नाहीं, आणि आपला धर्म लपविण्याची किंवा मिरविण्याची गरजहि त्याला वाटत नाहीं. बहुसंख्य घरच्या मुलालाहि यांत कमी लाभ नाहीं : शेजाऱ्याचा देव कोणता हें त्याला वादांतून कळण्याआधीं करंजींतून कळतें.

शेवटीं एका अवघड गोष्टीकडे वळतें. ही जन्मकथा गोठ्यापाशीं संपत नाहीं. हेरोद राजा बाळाच्या जिवावर उठला आणि त्या मायबापांना रातोरात मिसर देशीं पळून जावें लागलें. मुलांना हा भाग सांगावा कीं नाहीं, असें पुष्कळ आया विचारतात. तान्ह्यांना नको, पण सहासात वर्षांच्या मुलाला त्यांतला प्रवास अवश्य सांगावा, कारण मराठवाड्यांतलें मूल असा प्रवास पाहतच वाढतें. दसरा-दिवाळी सरतांच येथील हजारों कुटुंबें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. ऐन नाताळांत तीं फडाच्या कडेला पाचटाच्या कोप्यांत असतात. कित्येक बाळें तेथेंच जन्मतात, आणि कित्येक मुलें गांवीं आजीआजोबांपाशीं मागें राहतात. गव्हाण म्हणजे काय, जागा न मिळणें म्हणजे काय, परमुलखीं बाळंत होणें म्हणजे काय, हें त्या कोपीइतकें दुसरें कोणी सांगूं शकणार नाहीं.

तेव्हां आपल्या गोठ्यांत बाळाला निजवितांना मुलाला एवढेंच विचारावें : ‘आज कोणाचें बाळ उघड्यावर असेल?’ त्याला एखादें नांव आठवेल. वर्गांत दिवाळीनंतर न आलेल्या सोबत्याचें, किंवा आजीजवळ राहिलेल्या शेजारच्या मुलीचें. ती मुलगी गांवींच असेल तर नाताळाच्या दिवशीं तिला आपल्या पंक्तीला बसवावें. तिच्या आजीसाठीं भाकरी बांधून द्यावी. ज्या घरांत आईबाप स्वतःच फडावर गेले असतील, तेथें आजीनें एकटीनें पणती लावली, बाळाची कथा सांगितली आणि नातवंडांबरोबर भाकरी मोडली, तर तोहि पुरता नाताळ झाला. त्याला कमी कांहीं नाहीं.

भगिनींनो व बंधूंनो, लहानपणीं पाहिलेला सण माणसाला जन्मभर पुरतो. ज्याला तो दुकानांतून मिळाला त्याला दुकान बंद होतांच तो संपल्यासारखा वाटतो. ज्यानें तो आपल्या हातांनीं चिकटविला, आपल्या पायांनीं शेजारीं नेला आणि आपल्या बोलींत ऐकला, तो पुढें पुण्यास जावो, मुंबईस जावो कीं समुद्रापार जावो, त्याचा सण त्याच्याबरोबर जाईल. आपल्या मुलाला असा सण देण्यासाठीं थोडा कडबा, दोनचार कामट्या, मातीचे दोन बैल आणि चुलीवरची भाकरी एवढेंच लागतें. हिंगोली जिल्ह्यांत यांपैकीं कशाचीहि वाण नाहीं.

आपणां सर्वांच्या घरीं हा नाताळ सुखाचा होवो, एवढी प्रार्थना करून मी आपला निरोप घेतें.